सबवूफर : वॅट नंतर, जागा आधी

टीव्ही जसजसा मोठा आणि पातळ होत गेला, तसतसा त्याच्या आतल्या स्पीकरचा आवाज किरकोळ होत गेला. ती उणीव भरून काढायला साउंडबार आला, त्याच्याच खोक्यातून सबवूफर आला, आणि ज्यांना संगीताची किंवा चित्रपटांची अधिक हौस आहे त्यांच्या दिवाणखान्यात ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि एक भला मोठा सबवूफर अशी मांडणी दिसू लागली. हा सबवूफर घेतला जातो तो बहुधा एकाच कसोटीवर: दुकानात छाती हादरली की नाही. घरी आल्यावर जिथे कोपरा रिकामा आणि प्लग जवळ, तिथे तो ठेवला जातो, मागचे बटण अर्ध्याच्या पुढे फिरवले जाते आणि काम संपले असे सगळे मानतात. माझ्या मते काम तिथे सुरू होते. घरच्या ध्वनियंत्रणेत सबवूफरइतका उपयोगी भाग दुसरा नाही आणि त्याच्याइतका वाया जाणाराही नाही. तो वाया जातो याचे कारण ताकद कमी पडणे हे क्वचितच असते. त्याची खोलीशी आणि इतर स्पीकरांशी जुळणी कुणी करत नाही, हे खरे कारण आहे. म्हणून वॅट आणि इंचांवर पैसे घालण्याआधी जागा, मोजणी आणि जुळणी यांवर वेळ घालायला हवा. आणि ही जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही, विकणाऱ्याचीही आहे.

आधी या यंत्राचे काम काय ते पाहू. माणसाच्या कानाचा पल्ला ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ. त्यातला तळाचा, २० ते ८० किंवा १०० हर्ट्झचा पट्टा सबवूफरकडे येतो. आकड्यांत तो नगण्य दिसतो, पण वारंवारता दुप्पट झाली की सप्तक बदलते, हे ध्यानात घेतले तर २० ते ८० हर्ट्झ ही पुरती दोन सप्तके आहेत. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा, तर चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची. आपल्या संगीतातही हा प्रदेश ओसाड नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. टेबलावर मावणाऱ्या लहान स्पीकरची ताकद नेमकी याच सुमारास ओसरू लागते. तरीही षड्ज हरवल्यासारखा वाटत नाही, कारण वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखून काढण्याची करामत आपला मेंदू करतो. मात्र त्या स्वराचा भार जातो. डग्ग्यावर मनगट सरकताना उमटणारा घुमारा, पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची गंभीर थाप यांची ओळख पटते, पण अंग राहत नाही. हार्मन कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४मध्ये श्रोत्यांची पसंती आणि स्पीकरांची मोजमापे यांची सांगड घालून दाखवली, तेव्हा पसंतीतला सुमारे ३० टक्के वाटा बेसच्या वाट्याला आला. तेव्हा बेसची ओढ हा केवळ तरुणांचा किंवा धांगडधिंग्याचा शौक आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा पुन्हा तपासावा.

बेस महत्त्वाचा आहे हे मान्य केले की पुढचा प्रश्न येतो: तो घरात बिघडतो कशामुळे? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि ते फारसे अवघडही नाही. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी त्यामुळे साडेआठ मीटरहून थोडी जास्त भरते. आपल्याकडच्या फ्लॅटमधला दिवाणखाना दहा बाय चौदा फुटांचा धरू. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर, त्या लाटेच्या जवळजवळ बरोबर निम्मे. अशा वेळी समोरासमोरच्या दोन भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि खोलीत एक स्थिर लाट उभी राहते. भिंतींजवळ तिचा दाब कमाल असतो, मधोमध तो जवळपास शून्यावर येतो. या खोलीत ४० हर्ट्झचा स्वर भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर घणघणेल आणि खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या खुर्चीत जवळजवळ गायब होईल. दहा फुटांच्या रुंदीमुळे असाच गोंधळ ५६ हर्ट्झला होईल, साडेनऊ फुटांच्या उंचीमुळे ५९ हर्ट्झच्या आसपास होईल, आणि या प्रत्येकाच्या पटीत पुढेही होत राहील. लहान खोल्यांत बेसच्या पट्ट्यात पंधरा-वीस डेसिबलचे चढउतार सर्रास आढळतात. कारखान्यातून सपाट, सरळ रेषेत आवाज देणारा उत्तम सबवूफर आणला, तरी तुमच्या कानापर्यंत पोहोचणारी रेषा डोंगरदऱ्यांचीच असते. शंभरेक हर्ट्झच्या खाली आपण स्पीकर ऐकतो त्याहून जास्त आपली खोली ऐकत असतो.

आता या चित्रासमोर जाहिरातीतले वॅट ठेवून पाहा. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ नावाचे हजारोंचे आकडे झळकत असत. त्यांना कोणतेही ठाम मोजमाप नव्हते आणि प्रत्यक्ष ताकदीशी त्यांचे नाते फार पातळ होते. ते आकडे मागे पडले, पण वॅट मोठे म्हणजे आवाज मोठा ही समजूत मागे पडली नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. १० डेसिबलसाठी दहापट वॅट लागतात, आणि खोलीने खाल्लेले २० डेसिबल ताकदीने भरून काढायचे म्हटले तर शंभरपट. तेवढे वॅट आणले तरी तो खड्डा भरत नाही, कारण सरळ येणारी लाट आणि तिला मारणारी परतीची लाट दोन्ही सारख्याच वाढतात. शिवाय वॅटच्या आकड्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते. पेटी लहान हवी, आवाज खूप खालपर्यंत जायला हवा आणि कमी ताकदीत मोठा वाजायला हवा, या तीन मागण्यांपैकी एका वेळी दोनच पुऱ्या होतात. ध्वनितंत्रज्ञ याला हॉफमनचा नियम म्हणतात. हल्लीच्या चिमुकल्या पेटीतला पाचशे वॅटचा ॲम्प्लिफायर हे बरेचदा पेटी लहान केल्याचे मोल असते. मोठ्या पेटीतला निम्म्याहून कमी वॅटचा सबवूफर तितकाच किंवा अधिक खाली आणि तितकाच मोठा वाजू शकतो. खोक्यावरच्या वॅटवरून सबवूफर निवडणे हे म्हणूनच आंधळेपणाने निवडणे आहे.

कानावर भरवसा ठेवून बटण फिरवावे, तर तिथेही अडचण आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले की आपला कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १,००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी ४० हर्ट्झच्या स्वराला ८०हून अधिक डेसिबल लागतात. मात्र ऐकू येऊ लागल्यावर तळाचे स्वर फार झपाट्याने मोठे वाटू लागतात. वरच्या पट्टीत जी वाढ जेमतेम जाणवते, तेवढीच वाढ तळाशी ठळक होते. याचा परिणाम असा की आवाज कमी ठेवून जुळवलेला सबवूफर आवाज वाढवताच अंगावर येतो आणि मोठ्या आवाजात जुळवलेला रात्रीच्या हळू आवाजात नाहीसा होतो. त्यात दुकानातली खोली वेगळी, तिथला आवाज मोठा, आणि वाजवायला निवडलेला प्रसंग स्फोटाचा किंवा पाठलागाचा. तिथे ऐकलेल्या बेसचा घरच्या बेसशी जवळपास संबंध नसतो. ग्राहक पैसे मोजतो ते एका खोलीतल्या अनुभवाचे आणि घरी नेतो ते दुसऱ्या खोलीत ठेवायचे यंत्र.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे: जागा बदलणे. सबवूफर आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधला ध्वनीचा व्यवहार तोच राहतो, या तत्त्वावर एक जुनी आणि खात्रीची युक्ती आधारलेली आहे. सबवूफर थोडा वेळ आपल्या बैठकीच्या जागी ठेवायचा, वेगवेगळ्या खर्जाच्या स्वरांमधून जाणारी एखादी ओळखीची बेसची चाल सुरू करायची, आणि ज्या ज्या ठिकाणी सबवूफर ठेवणे शक्य आहे तिथे जाऊन, त्याच्या उंचीवर कान नेऊन ऐकायचे. जिथे सगळे स्वर सारख्या वजनाने ऐकू येतात, कुठलाही एक घुमत नाही आणि कुठलाही बुडत नाही, ती त्याची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो हे खरे, कारण तिथून खोलीच्या सगळ्या स्थिर लाटा जागतात. त्यांतल्या काही तुमच्या बैठकीवर उपद्रवी असतील तर कोपऱ्याइतकी वाईट जागा नाही, नसतील तर तीच उत्तम. निर्णय खोलीनुसार व्हावा, प्लगनुसार नव्हे. बैठकही थोडी हलवता येते. सोफा मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेतल्याने पडणारा फरक महागडा सबवूफर आणूनही पडेलच असे नाही.

दुसरा उपाय अनेकांना उलटा वाटतो: पैसे खर्च करायचेच असतील तर एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान घ्यावेत. हार्मनमधले टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीत किती सबवूफर आणि कुठे ठेवावेत याचा पद्धतशीर शोध घेतला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन सबवूफर ठेवले, तर वेगवेगळ्या बैठकींवरचा बेस कितीतरी अधिक सारखा होतो, आणि चारही भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर त्याहून चांगला, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण सरळ आहे. पहिल्या स्थिर लाटेच्या दोन टोकांना दाब एकमेकांच्या उलट असतो. दोन्ही टोकांना सारखाच वाजणारा सबवूफर ठेवला की त्यांचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि ती लाट उभीच राहत नाही. एक सबवूफर खोलीच्या लहरीवर चालतो, दोन सबवूफर तिला आवर घालतात. घरात एकट्याने नव्हे, चौघांनी सोफ्यावर बसून ऐकायचे असेल तर हा फरक आणखी महत्त्वाचा, कारण एका जागेसाठी केलेली सुधारणा शेजारच्या जागेवर अनेकदा बिघाड ठरते.

तिसरा टप्पा इतर स्पीकरांशी जुळणीचा, आणि सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. तळाचे स्वर सबवूफरकडे आणि वरचे मुख्य स्पीकरांकडे ही वाटणी कुठे करायची, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. घरच्या चित्रपटयंत्रणांसाठी आखलेल्या टीएचएक्स मानकाने ती ८० हर्ट्झवर ठेवली आणि तो चांगला आरंभबिंदू आहे. त्या स्वराची लाट सव्वाचार मीटरची असते आणि दोन कानांतले अंतर वीतभरही नसते, त्यामुळे आवाज कोणत्या पेटीतून येतो हे कानाला सहसा उमगत नाही. क्रॉसओव्हर फार वर नेला तर गायकाचा खालचा आवाज कोपऱ्यातून येऊ लागतो. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, सेटिंगमध्ये मुख्य स्पीकर ‘स्मॉल’ ठेवायचे, हे अनेक मालकांना खटकते, कारण त्यांनी मोठे स्पीकर घेतलेले असतात. पण त्या शब्दाचा स्पीकरच्या प्रतिष्ठेशी संबंध नाही. बेस सबवूफरकडे पाठव, एवढाच तो आदेश आहे. रिसीव्हर ही वाटणी करत असेल तर सबवूफरच्या मागचे क्रॉसओव्हरचे बटण बंद किंवा सर्वांत वरच्या टोकाला ठेवावे, नाहीतर एकाच आवाजाला दोन चाळण्या लागतात. आणि शेवटी फेज, म्हणजे दोन्हींकडून येणाऱ्या लाटांचा ताळमेळ. ८० हर्ट्झला अर्धी लाट सव्वादोन मीटरच्या आत येते. सबवूफर मुख्य स्पीकरांपेक्षा तेवढ्या अंतराने मागे असला, किंवा त्याच्या आतल्या प्रक्रियेने तेवढा उशीर लावला, की दोघे एकमेकांना वाढवण्याऐवजी पुसतात. नेमक्या जोडाच्या जागी खड्डा पडतो आणि मालक सबवूफरचा आवाज वाढवत बसतो. मुख्य स्पीकर चालू ठेवून, क्रॉसओव्हरचा स्वर वाजवून, फेजचे बटण ज्या स्थितीत आवाज जास्त भरीव देते ती ठेवायची, हे दोन मिनिटांचे काम आहे.

यापुढचे काम मोजणीचे, आणि आता तेही प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि यूएसबीने जोडायचा मोजणीचा मायक्रोफोन सबवूफरच्या मानाने स्वस्त असतो. अनेक रिसीव्हरांत ऑडिसी किंवा डिरॅकसारखी स्वयंचलित दुरुस्तीची सोय आधीपासून असते. या सोयींचा उपयोग जरूर करावा, पण त्यांच्या मर्यादा जाणून. इक्वलायझरने उंचवटे कापता येतात, खोलीने पाडलेले खड्डे बुजवता येत नाहीत. तिथे वाढवलेली ताकद यंत्राला ताण देते आणि कानाला काहीच देत नाही. पडदे आणि पातळ फोमच्या पट्ट्यांचीही हीच गत आहे. त्या टाळीचा कर्कश प्रतिध्वनी शोषतात, पण ४० हर्ट्झच्या लाटेचा पाव हिस्सासुद्धा दोन मीटरहून मोठा असतो, तिच्यावर दोन इंची फोमचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी जागा, मग क्रॉसओव्हर आणि फेज, मग आवाजाची पातळी, आणि सर्वांत शेवटी इक्वलायझर. हा क्रम उलटा केला की यंत्र सुधारणा केल्याचे दाखवते आणि ऐकणाऱ्याला ती सापडत नाही.

या म्हणण्यावर संगीतप्रेमींकडून येणारा पहिला आक्षेप असा, की सबवूफर चित्रपटांसाठी ठीक, संगीतात तो रेंगाळतो, लय बोजड करतो. खरा रसिक चांगल्या मोठ्या स्पीकरांवर समाधान मानतो. या तक्रारीतला अनुभव खरा आहे, निदान चुकीचे आहे. थाप थांबल्यावरही मागे राहणारा घुमणारा आवाज बहुतेक वेळा खोलीच्या स्थिर लाटेचा असतो. सबवूफर थांबलेला असतो, खोली थांबलेली नसते. ती लाट जागवणारा मोठा स्पीकरही तसाच रेंगाळेल. उलट सबवूफरचा मोठा फायदा असा की तो हलवता येतो. डाव्या-उजव्या स्पीकरांच्या जागा गायक समोर नेमका मधोमध उभा राहावा या गरजेने ठरतात आणि बेससाठी त्या जागा योग्य असतीलच असे नाही. उंच स्पीकरमध्ये या दोन गरजा एकाच पेटीत कोंबलेल्या असतात. शिवाय आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली जायचे तर स्पीकरच्या पडद्याला चौपट जास्त हालचाल करावी लागते. लहान स्पीकरवरून हे ओझे काढले की त्याची धडपड थांबते, विकृती घटते आणि मधल्या पट्टीतला गळा, सारंगी, हार्मोनियम अधिक स्वच्छ होतात. नीट जुळलेल्या सबवूफरचा पुरावा बरेचदा बेसपेक्षा गळ्यात सापडतो.

दुसरा आक्षेप रसिकतेच्या नावाने येतो: संगीत ही अनुभवाची गोष्ट, ते आलेख काढून ऐकायचे का? इथे दोन कामांची गल्लत होते. संगीत ऐकणे हे कानाचे आणि मनाचे काम आहे, आणि तिथे मोजपट्टीला स्थान नाही. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याने जे टिपले ते आपल्यापर्यंत अबाधित पोहोचते की नाही, हा यंत्रणेचा प्रश्न आहे. मैफलीआधी वादक तबला ठोकून मिळवतो, तानपुऱ्याची जवारी जुळवतो, तेव्हा त्याच्या कलेला उणेपणा येत नाही. जुळवलेल्या साजावरच कला मोकळी होते. फरक एवढाच की वाद्य जुळवणाऱ्याच्या कानाला अनेक वर्षांची तालीम असते, आणि आपल्या कानाची तळाच्या स्वरांतली जोख किती चकवी असते हे आपण वर पाहिले. तिथे मायक्रोफोनची मदत घेणे यात रसिकतेचा कोणताही अपमान नाही. आलेख हवा तसा आल्यानंतर तो बाजूला ठेवून आपल्या आवडीप्रमाणे बेस थोडा वाढवला, तर तेही योग्यच. सपाट रेषा ही सुरुवात आहे, सक्ती नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो शेजाऱ्यांचा आहे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी खिडक्यांची तावदाने थरथरताना ज्यांनी सोसले, त्यांना घरोघरच्या सबवूफरची भलामण नकोशी वाटली तर ते स्वाभाविक आहे. भिंतीतून ध्वनी किती झिरपतो याचा ढोबळ नियम असा की वारंवारता निम्मी झाली की भिंतीचा अडसर सुमारे ६ डेसिबलने दुबळा होतो. शेजारच्या घरातले बोलणे अडवणारी अर्ध्या विटेची भिंत बेससमोर म्हणूनच फिकी पडते. कायद्याचे मोजमापही इथे अपुरे आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेने हद्दीवर ती ५ डेसिबलहून जास्त ओलांडू नये असे बंधन आहे. पण हे डेसिबल ‘ए’ भारांकाचे आहेत, आणि हा भारांक ६३ हर्ट्झला सुमारे २६, तर ४० हर्ट्झला जवळपास ३५ डेसिबल वजा करून टाकतो. ७५ डेसिबलचा ४० हर्ट्झचा गुरगुराट मीटरवर ४०च्या आसपास दिसेल, रात्रीच्या मर्यादेच्या आत. आणि शांत रात्री शेजाऱ्याला तो स्पष्ट जाणवेल. कायदा पाळला म्हणजे शेजारधर्म पाळला असे बेसच्या बाबतीत म्हणता येत नाही.

म्हणून या आक्षेपाला माझे उत्तर त्याला बाजूला सारण्याचे नाही. काही घरांत, विशेषतः जुन्या इमारतींत आणि लहान फ्लॅटमध्ये, रात्री सबवूफर बंद ठेवणे हेच बरोबर आहे आणि त्याला पर्याय शोधू नये, हेडफोन आहेत. पण दिवसाच्या वेळी शेजाऱ्याला होणारा त्रासही मुख्यतः न जुळवलेल्या सबवूफरचा असतो. एखादाच स्वर खोलीत पंधरा डेसिबलने फुगलेला असतो आणि तोच स्लॅबमधून आरपार जात राहतो. मालकाला मात्र स्वतःच्या बैठकीवर खड्डा असल्यामुळे बेस कमी वाटतो आणि तो आवाज वाढवतो; शेजाऱ्याच्या पलंगावर त्याचा उंचवटा पोहोचतो. जागा बदलून, दोन सबवूफर लावून किंवा इक्वलायझरने तो फुगवटा कापला, तर कमी आवाजात मालकाला पूर्ण बेस मिळतो आणि भिंतीपलीकडे कमी जातो. पेटीखालचे रबराचे पाय किंवा फोमची गादी जमिनीत थेट उतरणारी कंपने कमी करतात, पण हवेतून भिंतीवर आदळणारा ध्वनी थांबवत नाहीत, हेही जाणून असावे. रिसीव्हरमधला रात्रीचा मोड मोठे आणि लहान आवाज एकमेकांच्या जवळ आणतो; तो वापरणे यात काही कमीपणा नाही. शेजाऱ्याला एकदा विचारून, त्याच्या घरात जाऊन ऐकून पातळी ठरवणे हा तर मोजणीचाच भाग मानायला हवा.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाने एवढे कुठे करत बसायचे? हा आक्षेप मला पूर्णतः मान्य आहे, आणि म्हणूनच बोट विकणाऱ्यांकडे दाखवायला हवे. पाण्याचा फिल्टर किंवा एसी घेतला की बसवायला माणूस येतो, चालवून दाखवतो. सबवूफर बसवायला आलेला माणूस तार जोडून, चाचणीचे गाणे वाजवून निघून जातो. तिथे त्याने तीन गोष्टी केल्या पाहिजेत: दोन-तीन जागा ऐकवून दाखवणे, क्रॉसओव्हर आणि फेज जुळवणे, आणि बैठकीवर मोजणी करून आलेख ग्राहकाच्या हाती देणे. ज्याला सराव आहे त्याला हे तास-दीड तासाचे काम आहे आणि त्याचे पैसे वेगळे घेतले तरी हरकत नाही. वॅट वाढवण्यात जाणाऱ्या पैशांहून ते सार्थकी लागतील. कंपन्यांनीही खोक्यावर कमाल वॅटचा एकच ठळक आकडा छापण्याऐवजी सलग देता येणारी ताकद आणि किती डेसिबलच्या फरकाने कुठल्या हर्ट्झपर्यंत आवाज जातो हे छापावे. फरक न सांगता लिहिलेल्या ‘२० हर्ट्झपर्यंत’ या दाव्याला काही अर्थ नाही, कारण वीस डेसिबलने घटलेला आवाजही २० हर्ट्झचा म्हणता येतो. दुकानदारांनी प्रात्यक्षिकात स्फोटांबरोबर एखादी तबल्याची साथ आणि एखादा संथ आलापही वाजवावा. स्फोट कोणत्या स्वरात झाला पाहिजे हे कुणालाच ठाऊक नसते. डग्गा कसा वाजतो हे मात्र अनेकांना ठाऊक असते, आणि म्हणूनच खोटा बेस तिथे लगेच उघडा पडतो.

ग्राहकाच्या हातातही एक साधी परीक्षा आहे. ओळखीचे गाणे लावून सबवूफर मध्येच बंद करावा. बंद होईपर्यंत तो आहे हे कळले नाही, आणि बंद होताच गाण्याचा पाया निघून गेल्यासारखे वाटले, तर जुळणी झाली आहे. चालू असताना सारखा त्याच्याकडे कान जात असेल, तर अजून काम बाकी आहे, मग तो कितीही महाग असो. मोठा घेण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी ही परीक्षा घरातल्या यंत्रावर घ्यावी आणि एखादी संध्याकाळ त्याची जागा शोधण्यात घालवावी; पुष्कळांना नव्या खरेदीची गरजच उरणार नाही. आणि ज्यांना पहिल्यांदा घ्यायचा आहे त्यांनी किमतीची घासाघीस करण्याआधी दुकानात विचारावे, की हा माझ्या खोलीत जुळवून कोण देणार आणि जुळला हे मला कशावरून कळणार? हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला की मग बाजाराला वॅटखेरीज दुसरे काहीतरी विकावे लागेल.